विषारी वायू, कीटकनाशके आणि शरीरातील प्रथिन
(मंठा येथील भाषण)



युद्धातील विषारी वायूंचा मंठा तालुक्यातील कापसाच्या शेताशी काय संबंध, असा प्रश्न कोणासही पडेल. १९३६ साली जर्मनीत गेरहार्ड श्रेडर हे रसायनशास्त्रज्ञ कीटकनाशकाचा शोध घेत असता त्यांच्या हाती ‘टाबून’ हे जहाल विष लागले. १९३८ मध्ये ‘सारिन’ तयार झाले. ही युद्धविषे आणि शेतातील स्फुरदयुक्त कीटकनाशके यांच्या तीव्रतेत मोठे अंतर आहे. परंतु दोहोंचा घाव शरीरातील एकाच प्रथिनावर बसतो.

त्या प्रथिनाचे नाव अ‍ॅसिटिलकोलिनेस्टरेज. मज्जातंतूची आज्ञा स्नायूस पोचविणाऱ्या द्रव्याचे, काम होताच, विघटन करणे हे त्याचे कार्य होय. हे विघटन प्रथिनातील सेरीन या घटकापाशी होते व ती जागा क्षणार्धात पुन्हा मोकळी होते. विषातील स्फुरद मात्र सेरीनशी असा जखडला जातो की, पाण्याने तो बंध सहजी तुटत नाही. मग आज्ञा थांबतच नाही. लाळ व घाम सुटतो, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात, स्नायू फडफडतात आणि अखेरीस श्वास कोंडतो.

अ‍ॅट्रोपिन हे औषध यांतील बरीच लक्षणे आवरते. प्रॅलिडॉक्झिम स्फुरदास प्रथिनापासून सोडविते. तथापि काही काळाने तो बंध पक्का होतो व त्यानंतर प्रॅलिडॉक्झिमचा उपयोग होत नाही. म्हणूनच उपचारात विलंब परवडत नाही.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. फवारलेल्या औषधांत स्फुरदयुक्त कीटकनाशकेही होती. हे विष श्वासाप्रमाणेच त्वचेतूनही शरीरात शिरते. यास्तव वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारू नये. हातमोजे, मुखपट्टी व अंगभर कपडे वापरावेत. औषधांचे मिश्रण मनाने करू नये. बाधा होताच कपडे उतरवून अंग साबणाने धुवावे आणि रुग्णास औषधाच्या वेष्टनासह तत्काळ दवाखान्यात न्यावे.

१९९७ पासून अंमलात असलेल्या आंतरराष्ट्रीय करारान्वये रासायनिक शस्त्रांवर बंदी आहे. भारताने आपला साठा २००९ पर्यंत नष्ट केला. शेतातील विषापासून मजुराचे रक्षण मात्र गावालाच करावयाचे आहे. फवारणीच्या हंगामापूर्वी ग्रामसभेत हा विषय घ्यावा, शिक्षकांनी ही लक्षणे मुलांना शिकवावीत आणि आरोग्य केंद्रात ही औषधे उपलब्ध असल्याची पंचायतीने खातरजमा करावी.