नेम आणि दुर्बीण

रायफलीवर बसवलेली दुर्बीण नळीशी एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, जरी कलली, तरी शंभर मीटरवर नेम सुमारे तीन सेंटिमीटर चुकतो. म्हणून नेमबाज आधी काही गोळ्या झाडतो, मग स्क्रू फिरवून ती जुळवतो.

मद्रासच्या सेंट थॉमस माउंटजवळ 1802 साली पायारेषा मोजणाऱ्या विल्यम लॅम्ब्टन या लष्करी अधिकाऱ्यांपुढेही हाच प्रश्न होता. 1808 साली, सरफोजीराजांच्या तंजावरात, त्यांचे अर्ध्या टनाचे थिओडोलाइट बृहदीश्वराच्या शिखरावर चढवताना दोर तुटून भिंतीवर आदळले. कोन मोजण्याचे वर्तुळच वाकले! दुसऱ्या कोणी आशा सोडली असती. लॅम्ब्टन तंबूत शिरले आणि सहा आठवडे ते वर्तुळ मूळ आकारावर आणत बसले. 1823 साली विदर्भातील हिंगणघाट येथे त्यांचे निधन झाले, तेव्हाही मोजणी चालूच होती.