वाटी पडते तेव्हा
(पालक व अंगणवाडी सेविका यांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



कोणतीही नवी योजना समजावून सांगण्यासाठी मी आज आपणांपुढे उभा नाही. आपल्या घरी दररोज घडणाऱ्या, परंतु बहुधा नजरेतून निसटणाऱ्या एका गोष्टीविषयी चार शब्द बोलावेत, एवढाच माझा हेतू आहे.

वर्ष-दीड वर्षाचे मूल जेवावयास बसले की हातातील वाटी खाली टाकते. आई ती उचलून देते. मूल ती पुन्हा टाकते. तिसऱ्या खेपेस आईचा आवाज चढतो, "किती रे हा खोडकरपणा!" परंतु त्या वेळी मुलाची मुद्रा आपण कधी न्याहाळली आहे काय? वाटी सोडताना ते क्षणभर स्तब्ध होते, तिच्यामागे नजर धाडते आणि खणखणाट होताच आईकडे पाहून हसते. पुढच्या खेपेस ते हात थोडा बाजूस नेते. मग वाटीऐवजी भाकरीचा तुकडा टाकते. तुकडा वाजत नाही, तेव्हा ते विचारात पडते. यास खोडी म्हणावयाचे की शोध?

स्वित्झर्लंडमधील मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी आपल्या तिन्ही अपत्यांचे असेच घरी बसून निरीक्षण केले आणि १९३६ साली ते ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. त्यांचा मुलगा दहा महिन्यांचा असता हातातील वस्तू निरनिराळ्या ठिकाणी हात नेऊन खाली सोडी व ती कोठे पडते हे पाही. आपल्या घरातील वाटीचा खेळ तो हाच. त्यास प्रयोगशाळा लागत नाही. पाहणारा मात्र लागतो.

आपल्या राज्यात ही दृष्टी ताराबाई मोडक यांनी रुजविली. १९४५ साली तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे त्यांनी ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले. मूल शाळेत येत नसेल तर शाळेनेच त्याच्या अंगणात जावे, हा विचार तेथे प्रत्यक्षात आला. शिंपले, खडे, पाने, बिया हेच तेथील शिक्षणाचे साहित्य झाले. महागड्या खेळण्यांवाचून मुलाचे काही अडत नाही, हे त्या कार्याने दाखवून दिले.

आता एक कबुली देतो. मी प्रशिक्षित शिक्षक. बालमानसशास्त्राची परीक्षा उत्तम रीतीने उत्तीर्ण झालेला. माझी कन्या दीड वर्षाची असताना एका सायंकाळी मी उत्तरपत्रिका तपासीत बसलो होतो. ती स्वयंपाकघरातील डबे ओढून त्यांची झाकणे वाजवीत होती. मी उठलो, डबे हिसकावले आणि ओरडलो, "गप्प बस!" ती गप्प बसली. डबे उचलून ठेवू लागलो तेव्हा ध्यानात आले की, चार डब्यांवर तिने ज्याचे त्याचे झाकण नेमके बसविले होते. पाचवे तेवढे हातात राहिले होते. त्या एका ओरडण्याने तिचे आयुष्य बिघडले असे मी म्हणत नाही. परंतु पाचवे झाकण बसताना तिच्या चेहऱ्यावर जो आनंद उमटला असता, तो पाहणे माझ्या नशिबी आले नाही. उत्तरपत्रिका दुसऱ्या दिवशीही तपासता आल्या असत्या.

पहिलीच्या वर्गांना भेटी देताना हाताची घडी घालून, तोंडावर बोट ठेवून बसलेली मुले मला आजही क्वचित दिसतात. ती शिस्तीची म्हणून कौतुकास पात्र ठरतात. अशा वेळी माझ्या मनात येते, याच बालकांनी काही वर्षांपूर्वी मुंग्यांच्या रांगेमागे सारे अंगण पालथे घातले असेल. आपल्याच सावलीस पकडावयास धावली असतील. ते कुतूहल कोठे गेले? त्याचे उत्तर काही अंशी शाळेने व काही अंशी घराने द्यावयाचे आहे.

यास्तव माझी विनंती साधीच आहे. चूल, विळी, रॉकेल, फवारणीची औषधे, पाण्याची भरलेली बादली, नाणी आणि घशात अडकतील असे दाणे मुलाच्या हाती लागणार नाहीत असे ठेवा. भोवतालच्या विहिरीवर लक्ष असू द्या. एवढी काळजी घेतल्यावर उरलेले घर त्यास मोकळे करून द्या. दिवसातून दहा मिनिटे त्याच्या शेजारी नुसते बसा. शिकवू नका, घाईने मदत करू नका. रडू थांबविण्यासाठी हाती मोबाईल देण्याचा मोह आवरा. एका वर्षाच्या बालकास पडद्यासमोर मुळीच बसवू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले आहे. मुलाने वर पाहिले की आपली नजर त्यास भेटावी, इतकेच पुरे. दिवसभराच्या श्रमानंतर ही दहा मिनिटे आपणांसही विसावा देतील, असा माझा अनुभव आहे.

हा अनुभव मला उशिरा आला. गेल्या दिवाळीत तीच कन्या आपल्या दीड वर्षाच्या मुलासह माहेरी आली होती. नातू डब्यावर झाकण बसवीत होता. ते सारखे घसरत होते. न राहवून मी हात पुढे केला. ती हळूच म्हणाली, "बाबा, थांबा. त्याचं त्याला करू द्या."

मी थांबलो. झाकण बसले. नातवाने टाळ्या पिटल्या आणि आम्हां दोघांकडे आळीपाळीने पाहिले. एवढेच सांगावयाचे होते.