विद्यापीठाचे आवार आणि गावाची कसोटी

(सरपंच, पंचायत सदस्य व शिक्षक यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



विद्यापीठ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे इमारती, ग्रंथालय आणि पदवीदान समारंभ उभे राहतात. परंतु विद्यापीठाचे आवार हेही एक गावच असते. तेथे माणसे राहतात, स्वयंपाक होतो, पाणी लागते, सांडपाणी वाहते, कचरा साचतो. फरक इतकाच की, तेथे प्रयोग फसला तर कोणा गरिबाची चूल थंड पडत नाही. म्हणून नव्या उपायाची पहिली परीक्षा आवारात व्हावी आणि अखेरची गावात व्हावी. मी कला शाखेचा पदवीधर. यंत्रांविषयी अधिकारवाणीने बोलणार नाही. एका प्रयत्नाची हकीगत तेवढी सांगतो.

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९७४ साली 'अस्त्र' हा विभाग सुरू झाला. विज्ञान व तंत्रज्ञान ग्रामीण भागाच्या कामी आणावे, हा त्याचा हेतू. विद्युत्-रसायनशास्त्राचे नामांकित अभ्यासक प्रा. अमूल्य रेड्डी हे त्याचे प्रवर्तक. ज्या संस्थेत उच्च विज्ञानाची उपासना चालत असे, तेथे आता चूल, शेण आणि माती यांचा अभ्यास होऊ लागला. कमी सरपणात तीन भांडी तापविणारी, धूर धुराड्यावाटे बाहेर सोडणारी चूल तयार झाली. 'अस्त्र ओले' हे तिचे नाव. 'ओले' म्हणजे कन्नडमध्ये चूल. मातीत थोडे सिमेंट मिसळून, हातयंत्राने दाबून विटा घडविण्यात आल्या. त्या भाजाव्या लागत नाहीत; त्यामुळे भट्टीचे जळण वाचते.

तथापि आवारात साधले ते गावातही साधेलच असे नाही. तुमकूर जिल्ह्यातील पुरा या गावी सामुदायिक गोबरवायू संयंत्र उभारून घरोघर स्वयंपाकासाठी वायू द्यावा, अशी मूळ योजना होती. प्रत्यक्षात शेण अपेक्षेइतके जमेना आणि वायू पुरेना. ज्या घरी वायूवर निम्माच स्वयंपाक होतो, त्या घरची सरपणाची मोळी काही चुकत नाही.

तेव्हा योजनेचा हेतूच बदलण्यात आला. १९८७ पासून त्याच वायूवर, थोड्या डिझेलच्या जोडीने, इंजिन चालवून वीज निर्माण होऊ लागली. तिच्यावर कूपनलिकेचे पाणी नळाने गावात आले आणि घरांत दिवे लागले. शेण देणाऱ्या कुटुंबास मोबदला मिळे, शिवाय मळी खतासाठी परत मिळे. कारभार गावाच्याच सभेकडे होता. शेण आणून देण्याचे काम मुख्यतः स्त्रिया करीत. पाण्यासाठीची पायपीटही त्यांचीच वाचली.

सुमारे दहा वर्षे चालल्यानंतर ही व्यवस्था बंद पडली, हेही सांगितले पाहिजे. प्रा. रेड्डी यांनी २००४ साली या प्रयोगाचे धडे स्वतः लिहून प्रसिद्ध केले. माहिती खात्यात काम करणारे आम्ही लोक यशोगाथा नित्य लिहितो. अपुऱ्या राहिलेल्या कामाचा हिशेब लिहिणे त्याहून कठीण असते. पण पुढच्या गावाला उपयोग होतो तो या हिशेबाचाच.

'अस्त्र' विभाग आज शाश्वत तंत्रज्ञान केंद्र या नावाने ओळखला जातो. आपल्या राज्यातही पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत ग्रामीण तंत्रज्ञानाचे केंद्र १९८५ पासून आहे.

पंचायत सदस्यांना माझी विनंती अशी की, आपल्या तालुक्यातील महाविद्यालयाकडे देणगी मागण्यास नव्हे, तर प्रश्न घेऊन जावे. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकरवी शाळेच्या आवारातील पाणी व कचरा मोजण्यापासून आरंभ करावा. आणि कोणी तयार उपाय घेऊन दारी आला, तर त्याला आदराने बसवून विचारावे : आमच्या गावात शेण किती, पाणी किती, आणि तुम्ही गेल्यावर हे चालविणार कोण? या प्रश्नांची उत्तरे विद्यापीठाने एकट्याने द्यावयाची नाहीत. ती आपण मिळून शोधावयाची आहेत.