ताप कधी येतो? आपल्या गाडीच्या एसीची गोष्ट

मी आमच्या बचत गटाची गाडी चालवते. गाडी जुनी, सेकंडहँड घेतलेली; पण दवाखान्याची भाडी, बाजाराची भाडी, लेकीबाळींना परीक्षेला सोडणं, सगळं तिच्यावरच चालतं. आज मी या गाडीच्या एसीबद्दल बोलणार आहे. तुम्ही म्हणाल, एसी म्हणजे चैन, आपल्याला काय करायचंय? मलाही आधी असंच वाटायचं.

गेल्या एप्रिलात शेजारच्या वहिनींच्या सुनेला साताऱ्याहून घरी आणत होते. सिझर झालेलं, कुशीत सहा दिवसांचं बाळ. निघताना गाडी छान गार होती. कोरेगाव गेलं, पुसेगाव गेलं आणि एकदम गरम वारा यायला लागला. काचा खाली केल्या तर झळा आणि धुरळा आत. बाळ लालबुंद झालं. झाडाखाली गाडी लावली, आईनं बाळाला पाजलं. वीस मिनिटांनी गाडी सुरू केली, तर एसी पुन्हा गार! जसं काही झालंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गॅरेजला नेली, तर तिथं एसी मस्त चाललेला. "गॅस कमी झाला असेल," म्हणून गॅस भरला. अठराशे रुपये गेले. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. पुन्हा गॅस, पुन्हा अठराशे. तिसऱ्या खेपेला सांगितलं, "कॉम्प्रेसर बदला, वीस हजारांची तयारी ठेवा." त्या महिन्याच्या बैठकीत दोघी-तिघी म्हणाल्या, "गाडी विकूनच टाका." गाडी गेली की माझं कामही जाणार. रात्रभर डोळा लागला नाही.

आमच्या गटातल्या आक्का शाळेत गेलेल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "अगं, ताप येऊन-जाऊन असला की डॉक्टर आधी काय विचारतो? कधी येतो, किती वेळ राहतो, कशानं उतरतो. तुझ्या गाडीला हे कुणी विचारलं का?"

मी वही केली. एसी बंद पडला की लिहायचं: किती वाजले, गाडी किती वेळ चालली होती, चालू होती की उभी, वारा जोरात येत होता की मंद, आणि पुन्हा गार कधी झालं. तीन आठवडे लिहिलं. सकाळच्या फेरीत कधीच बंद पडला नाही. दुपारी, पाऊण-एक तास चालल्यावर पडायचा. वारा जोरात, पण गरम. गाडी वीस मिनिटं थांबली की पुन्हा ठीक.

ही वही घेऊन मी गाड्यांच्या एसीचंच काम करणाऱ्या दुसऱ्या मिस्त्रीदादांकडे गेले. त्यांनी वही पूर्ण वाचली आणि म्हणाले, "ताई, गाडी दुपारी आणा, तासभर चालवून आणा." तशी नेली. बॉनेट उघडून त्यांनी लांबूनच दाखवलं. इंजिनाचा पट्टा कॉम्प्रेसरची पुली फिरवत असतो. पुलीच्या पुढं एक चकती असते, तिला क्लच म्हणतात. एसी लावला की करंट मिळून ती 'टक्' करून पुलीला चिकटते आणि कॉम्प्रेसर फिरायला लागतो. आमची पुली फिरत होती, चकती मात्र उभी! दादांनी टेस्ट लॅम्प लावून पाहिला, करंट पोचत होता. चकती झिजून मधली फट वाढली होती. तापलं की क्लचची ओढ कमी पडायची, थंड झालं की पुन्हा चिकटायची. त्यांनी आतला एक पातळ वायसर काढून फट कमी केली. मजुरी सहाशे रुपये. गॅसचा दाबही मोजला, गॅस कमी नव्हताच!

त्यांनी मला आणखी सांगितलं, ते तुम्हीही लिहून घ्या. प्रत्येक बिघाडाची वेळ वेगळी असते.

गाडी पळताना गार आणि उभी राहिली की गरम होत असेल, तर पुढच्या जाळीचा पंखा बघायला सांगा. जाळीत चिखल, भुसा अडकला असला तरी असंच होतं. इंजिनाच्या तापमानाचा काटाही चढत असेल तर गाडी लगेच थांबवा.

आधी गार लागतं, मग वाराच मंद होत जातो आणि एसी थोडा वेळ बंद ठेवला की पुन्हा येतो, तर आत बर्फ धरतोय. आधी वाऱ्याचा फिल्टर बघा, धुळीनं गच्च भरलेला असतो. तो ठीक असेल तर सेन्सर तपासायचा.

'टक्-टक्' करत एसी दर काही सेकंदांनी चालू-बंद होत असेल, तर गॅस कमी असू शकतो. पण मैत्रिणींनो, एसीचा गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. तो बंद नळ्यांतून फिरत असतो. खूप कमी झाला असेल तर कुठंतरी गळतोय. म्हणून आधी विचारा, "दाब मोजला का? गळती सापडली का?" गळती न काढता गॅस भरणं म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरणं. आणि गॅस मोजूनच भरायला सांगा, जास्त झाला तरी एसी बिघडतो.

खड्ड्यात आपटल्यावर बंद आणि पुढं आपोआप चालू होत असेल, तर ढिली वायर, फ्यूज किंवा रिले बघायला सांगा.

आता जपायच्या गोष्टी. बॉनेट उघडताना पदर खोचा, वेणी बांधा, हात लांब ठेवा. इंजिन बंद असलं तरी पंखा अचानक फिरू शकतो. गॅसच्या नळ्या स्वतः कधीच सोडू नका, तो गॅस त्वचेला आणि डोळ्यांना इजा करतो. गाडीखाली पाणी ठिबकलं तर घाबरू नका, ते एसीचंच पाणी असतं. पण पाणी आत पायाशी साचलं तर नळी तुंबली असं समजा. आणि एसी चालो न चालो, बंद गाडीत लेकरू एक क्षणही एकटं ठेवू नका.

आमची गाडी विकली गेली नाही. गटाच्या बैठकीत आता हिशेबाच्या वहीशेजारी गाडीची वही असते. आमचा पंप, आमची गिरणी, त्यांच्याही वह्या आम्ही घातल्यात. मिस्त्रीला गाडी रोज दिसत नाही, आपल्याला दिसते. जे दिसतं ते लिहिलं, की मिस्त्रीशी बोलताना आपलं पारडं हलकं राहत नाही.

ते बाळ आता रांगतंय. परवा त्याला लस द्यायला मीच घेऊन गेले. दुपारची वेळ होती, गाडी गार होती आणि ते मागच्या सीटवर आईच्या मांडीवर गाढ झोपलं होतं. बरं, येते मैत्रिणींनो. रामराम!