धडधाकट खिडकी का काढावी?



आम्ही बँकेत कारकून. पॅरिसच्या एका चर्चच्या खिडक्यांवर बोलणार म्हटल्यावर काही कार्यकर्त्यांना हसू आले, ते साहजिक आहे. परंतु आपल्या जुन्या सभागृहाच्या खिडक्या बदलण्याचा विषय कार्यकारिणीपुढे आहे, म्हणून हे उदाहरण मुद्दाम निवडले.

१५ एप्रिल २०१९ च्या संध्याकाळी आठशे वर्षांहून जुन्या नोत्र दाम चर्चला आग लागली. लाकडी छप्पर जळाले, उंच मनोरा कोसळला. आपल्यापैकी अनेकांनी ते दृश्य दूरचित्रवाणीवर पाहिले असेल. आश्चर्य असे, की तेराव्या शतकातील तीन प्रचंड गोल खिडक्या वाचल्या. ज्या सहा खिडक्यांबद्दल आम्ही बोलणार आहोत, त्याही वाचल्या. मनोरा होता तसाच ओक लाकूड आणि शिसे वापरून पुन्हा उभारला गेला आणि डिसेंबर २०२४ मध्ये चर्च उघडले.

वाद पेटला तो न जळलेल्या खिडक्यांवरून! डिसेंबर २०२३ मध्ये राष्ट्राध्यक्ष माक्राँ यांनी जाहीर केले, की दक्षिण बाजूच्या सहा दालनांतील खिडक्या काढून तेथे आजच्या कलावंताच्या खिडक्या बसवायच्या. जुन्या खिडक्या एकोणिसाव्या शतकातल्या. १८४४ पासून चर्चचा जीर्णोद्धार करणाऱ्या व्हियोले-ल-द्युक या वास्तुविशारदाच्या काळातल्या. त्यांत माणसांची चित्रे नाहीत, नुसती नक्षी आहे. आत सौम्य, एकसारखा उजेड यावा हा त्याचा हेतू. विरोधात लाखाहून अधिक लोकांनी सह्या केल्या. जुलै २०२४ मध्ये वारसा वास्तूंच्या राष्ट्रीय आयोगाने एकमताने नकार दिला. पण आयोगाचा अधिकार सल्ल्यापुरता. सल्ला ऐकला, मानला नाही! डिसेंबर २०२४ मध्ये क्लेअर ताबुरे या चित्रकर्तीची निवड झालीच.

दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. अठराव्या शतकात उजेड हवा म्हणून याच चर्चमधील मध्ययुगीन रंगीत काचा काढून साध्या पांढऱ्या काचा बसवल्या होत्या. म्हणजे व्हियोले-ल-द्युकच्या खिडक्यासुद्धा बदली म्हणूनच आलेल्या. मग आणखी एकदा बदल झाला तर बिघडले कुठे, असे काही जण विचारतात. नव्या चित्रकर्तीच्या कलेबद्दलही आमची तक्रार नाही. पण अठराव्या शतकात गेलेल्या त्या काचा आता कोणालाच पाहता येत नाहीत, हे कसे विसरावे? १९६४ च्या व्हेनिसच्या सनदेने सांगितले आहे, की वास्तूत प्रत्येक काळाने घातलेली मोलाची भर जपली पाहिजे. आमचे मत त्या आयोगाच्या बाजूचे आहे.

आता घरची गोष्ट. काही वर्षांपूर्वी आमची शाखा फोर्टातील एका जुन्या दगडी इमारतीत होती. सागवानी खिडक्या, झिलमिलीच्या झडपा. पाऊस बाहेर राही, वारा आत येई. नूतनीकरण निघाले तेव्हा म्हाताऱ्या सुताराने प्रत्येक चौकटीत टोच्या खुपसून पाहिला. म्हणाला, "साहेब, पाणी साचून खालची आडवी पट्टी तेवढी कुजलीय. ती कापून सागाचा जोड देतो, बाकी लाकूड लोखंडासारखं हाय." कंत्राटदार म्हणाला, लाकूड टिकत नाही. (कार्ल्याच्या चैत्यगृहातील लाकडी कमानी सुमारे दोन हजार वर्षे उभ्या आहेत, हे त्याला कोण सांगणार?) आम्ही चार-पाच जणांनी अर्ज दिला. उत्तर आले नाही. ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बसल्या. त्या एका वेळी निम्म्याच उघडतात. पहिल्याच पावसाळ्यात खिडक्या बंद, दिवसा ट्यूबलाइट आणि ओलसर लेजर अशी आमची अवस्था झाली. जुना साग भंगारात गेला. तो कोणत्या भावाने गेला, हे आम्हा हिशेब ठेवणाऱ्यांनाही कळले नाही.

म्हणून कार्यकारिणीला विनंती, की सभागृहासाठी ॲल्युमिनियमचे दरपत्रक मागवलेच आहे, तसे एका जाणत्या सुताराचेही मागवावे. त्याने एकेक खिडकी उघडून तपासावी. कुजलेली असेल ती बदलावी, त्याला आमची हरकत नाही. विद्यार्थ्यांनी त्याच्याबरोबर वही घेऊन फिरावे, खिडकीला नंबर द्यावा, कुठे काय कुजले ते लिहावे आणि ती वही वार्षिक सभेत सर्वांसमोर वाचून दाखवावी. ठराव त्यानंतर मांडावा.