पडद्यावरचे बर्फ आणि भूगोलातील हिमनदी



कामगार चळवळीतल्या माणसाने हिमनद्यांवर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. माझे शिक्षण शाळेत थोडे आणि वाचनालयात अधिक झाले. पण हा विषय कामगारांच्या जिवाशी निगडित आहे. ७ फेब्रुवारी २०२१ रोजी चमोली जिल्ह्यात लोंढा आला आणि दोनशेहून अधिक माणसे दगावली वा बेपत्ता झाली. त्यांत बहुसंख्य वीजप्रकल्पांवरचे कामगार होते. कित्येक तर बोगद्यात होते. 'हिमनदी फुटली' अशी बातमी आली. पुढे संशोधकांनी दाखवले की, कड्यावरून सुमारे २ कोटी ७० लाख घनमीटर खडक आणि बर्फ कोसळले होते. हा फरक आपल्यापैकी किती जणांना समजला?

दोष मुलांचा नाही. महाराष्ट्रातल्या मुलाने बर्फ पाहिले ते गोळेवाल्याच्या गाडीवर. हिमनदीची व्याख्या ते पाठ करते आणि परीक्षेनंतर विसरते. पण हेच मूल 'आइस एज'मधला मॅमथ विसरत नाही! मग शिक्षकाने त्या मॅमथलाच वर्गात का आणू नये?

त्या मालिकेचा २००६ सालचा दुसरा चित्रपट घ्या. बर्फाच्या भिंतीमागे पाणी साठले आहे आणि खोऱ्यातले प्राणी पळत आहेत. दहा मिनिटे दाखवून चित्र थांबवावे आणि विचारावे, असे खरेच घडते का? घडते. हिमनदीने आणून टाकलेल्या दगडमातीच्या बांधामागे तळे साठते. केदारनाथच्या वरचे चोराबारी तळे जून २०१३ मध्ये असेच फुटले. २०१८च्या 'केदारनाथ' चित्रपटातला प्रलय मुलांनी पाहिलेला असतो. त्याचे कारण भूगोलाच्या तासाला कळावे.

चित्रपटातली चूकही शिकवायला उपयोगी पडते. 'द डे आफ्टर टुमारो' या २००४च्या चित्रपटात काही दिवसांत अर्धे जग गोठते. प्रत्यक्षात हिमयुग पसरायला हजारो वर्षे लागतात. मात्र त्याच्या आरंभी अंटार्क्टिकातला लार्सन-बी हा हिममंच तडकताना दाखवला आहे. तो २००२ साली खरोखरच काही आठवड्यांत विस्कटला. सुमारे ३,२५० चौरस किलोमीटर बर्फ गेले. खरे कोणते, खोटे कोणते, हे मुलांनाच निवडू द्यावे.

पडदा दाखवीत नाही ते शिक्षकाने हाताने दाखवावे. ताट तिरपे धरून त्यात घट्ट काकवी ओतावी. ती आपल्याच भाराने सरकते, मध्ये जलद आणि कडेला हळू. साचलेल्या हिमाचे दाबाने झालेले बर्फही असेच वाहते आणि जाताना दगड खरवडून नेते. गंगोत्रीची हिमनदी सुमारे तीस किलोमीटर लांब आहे. गोमुखाशी तिचेच पाणी भागीरथी होऊन निघते.

याला खर्च फार नाही. एक पडदा आणि तयारीचा शिक्षक पुरे. आज वर्गात बसलेले मूल उद्या अभियंता होईल किंवा पोटासाठी बोगद्यात उतरेल. कामाला हात घालण्यापूर्वी 'या दरीच्या वर काय आहे, आणि ते सुटले तर आम्हांला इशारा कोण देणार?' एवढे विचारण्याचे ज्ञान आणि धैर्य त्याच्यापाशी असावे, इतकीच माझी मागणी आहे.