ज्वारीचा कडबा आणि जमिनीचे देणे

माघ संपत आला की सोलापूर, विजापूर, कलबुर्गी या पट्ट्यातील काळ्या रानांतून रब्बी ज्वारीच्या काढणीची लगबग सुरू होते. कोठे ताटे मुळासकट उपटतात. कोठे ती विळ्याने कापतात आणि मागे राहिलेली धसकटे बायाबापड्या सरपणासाठी वेचून नेतात. कणसे खळ्यावर जातात, कडब्याच्या पेंढ्यांची गंज रचली जाते आणि चैत्राच्या उन्हात रान असे मोकळे पडते, की पिकाची खूण म्हणून भेगांखेरीज काही उरत नाही.

या रानातून नेमके काय गेले, याचा हिशेब क्वचितच कोणी मांडतो. हेक्टरी दहा क्विंटल दाणे व तीस क्विंटल कडबा, असे एक मध्यम पीक धरावे. दाण्यांबरोबर सुमारे १६ किलो नत्र जाते. कडब्यात नत्र जेमतेम अर्धा टक्का असले, तरी तीस क्विंटलांतून ते १५ किलो होते. पालाश मात्र मुख्यतः ताटातच साठते. ते एकट्या कडब्याबरोबर ४० किलोच्या आसपास जाते. काळ्या जमिनीत पालाश पुष्कळ असते, म्हणून कोरडवाहू ज्वारीच्या शिफारशीत त्याचा आकडा बहुधा शून्य असतो. पण पुष्कळ म्हणजे अक्षय नव्हे.

मग कडबा रानातच गाडावा काय? असा उपदेश करणाऱ्याला शेतकरी हसेल, आणि ते योग्यच होईल. कडबा ही बैलाची भाकरी आहे. १९६४ साली सी.एस.एच. १ ही पहिली संकरित ज्वारी आली, तेव्हा तिच्या ठेंगण्या ताटांकडे पाहून अनेकांनी नाक मुरडले, ते याच कारणाने. मोहोळच्या केंद्रावर निवडलेली मालदांडी ३५-१ अजूनही लोकांच्या मनातून उतरत नाही, तीही जितकी भाकरीच्या गोडीमुळे तितकीच कडब्याच्या गोडीमुळे. तेव्हा कडबा गोठ्यातच जाणार. प्रश्न आहे तो गोठ्यातून रानाकडे परत येण्याच्या वाटेचा.

ती वाट दोन ठिकाणी तुटते. शेणाच्या गोवऱ्या होतात, आणि मूत्र गोठ्याच्या जमिनीत मुरून जाते. जनावराच्या मलमूत्रातील नत्राचा जवळजवळ अर्धा भाग आणि पालाशाचा बहुतेक भाग मूत्रात असतो. जनावरांनी टाकलेला उष्टा कडबा त्यांच्या पायाखाली पसरला, तर तो मूत्र शोषून घेतो आणि तोच खताच्या खड्ड्यात लवकर कुजतो. याला पैसा लागत नाही. रोज सकाळी थोडे श्रम लागतात, एवढेच.

धसकटांची गोष्ट थोडी निराळी. त्यांत खोडकिड्याच्या अळ्या सुप्तावस्थेत दडून राहतात, म्हणून ती रानात उभी ठेवणे बरे नाही. पण ती ढिगाने जाळली, तर पालाश राखेत राहते आणि नत्र व गंधक धुरावाटे निघून जातात. तुकडे करून उन्हाळी नांगरटीत खोल गाडणे, हा त्यातल्या त्यात चांगला मार्ग. यात एक सावधगिरी मात्र हवी. ज्वारीच्या ताटात नत्राच्या एका भागामागे कर्बाचे साठ ते ऐंशी भाग असतात. असा काडीकचरा कुजवताना सूक्ष्मजीव स्वतःच्या गरजेपोटी जमिनीतले नत्र ओढून घेतात, आणि पेरणी त्याच सुमारास झाली तर कोवळे पीक पिवळे पडते. ते नत्र नष्ट होत नाही, काही काळ अडकून पडते. रब्बीच्या रानाला येथे एक सोय आहे. ते खरिपात पडीक असते, त्यामुळे चैत्र-वैशाखात गाडलेल्या धसकटांना भाद्रपदातील किंवा आश्विनातील पेरणीपर्यंत पावसाळ्याची ओल मिळते. जो खरिपातही पीक घेतो, त्याने धसकटे आधी खड्ड्यातच कुजवावीत.

वरखताविषयी सर्वांत मोठी चूक मात्रेची नसून जागेची असते. खोल काळ्या जमिनीत कोरडवाहू रब्बी ज्वारीला हेक्टरी ६० किलो नत्र व ३० किलो स्फुरद सांगतात, मध्यम जमिनीत ४० व २०. खरिपातील ज्वारीला नत्र दोन हप्त्यांनी देता येते, कारण पाऊस ते खाली नेतो. रब्बीत ते घडत नाही. हे पीक साठलेल्या ओलीवर जगते. वरचा थर कोरडा होत जातो आणि मुळे खाली उतरतात. अशा वेळी वर फेकलेला युरिया कोरड्या मातीत पडून राहतो, शिवाय त्यातील काही नत्र हवेत उडून जाते. म्हणून सारे खत पेरणीच्या वेळीच, दोन चाड्यांच्या पाभरीने, ओलीत आणि बियाण्याला न चिकटेल असे पेरावे. नत्राने भुकेलेल्या रानात टारफुलाही अधिक माजतो. तो ज्वारीच्या मुळांवरच जगतो.

सोलापूरला कोरडवाहू शेतीचे संशोधन १९३३ सालापासून चालू आहे. तेथील दीर्घकालीन प्रयोगांत काही भागांत नत्र केवळ युरियातून दिले गेले, तर काही भागांत त्यातील काही वाटा पिकाच्या अवशेषांतून किंवा सुबाभळीच्या पाल्यातून दिला गेला. सुबाभूळ नको असेल, तर बांधावर गिरिपुष्प लावता येते. त्याचा पाला कडब्याहून कितीतरी लवकर कुजतो आणि जनावरे त्याला सहसा तोंड लावत नाहीत. पावसाळ्यात त्याच्या फांद्या छाटून पडीक रानात पसराव्यात आणि वखराच्या पाळीने मातीत मिसळाव्यात. बांधावरचे हे झाड रानाचा एक तासही अडवीत नाही.